दारापासून तिसरा ड्रम

आनंदीबाईंच्या खोलीत ओला हात घेऊन गेलात की शिवी ठरलेली. मग तुम्ही हमाल असा, डाईंगमास्तर असा, नाहीतर खुद्द शेठ. दाराला एक पंचा टांगलेला असायचा. त्याला हात पुसायचे, तळवे उलटेसुलटे करून बाईंना दाखवायचे, मगच उंबरठा ओलांडायचा. आम्ही त्या खोलीला सोवळ्याची खोली म्हणायचो, बाईंच्या तोंडावर म्हणायचो. त्या म्हणायच्या, "म्हना काय म्हनायचं ते. पन हात दाखवा."

मी जीवन. तेव्हा भिवंडीच्या त्या डाईंगमध्ये बॉयलरवर होतो, आता पूर्ण्याला गोदामात आहे. आनंदीबाईंचा दम माझ्यामुळे गेला, आणि चार वर्षं अख्खा कारखाना म्हणत राहिला की बाईंच्याच हलगर्जीपणामुळे गेला. हे मी शेठला सांगून झालंय, नोकरीही घालवून झालीय. तरी आतून काही सुटत नाही. म्हणून पुन्हा सांगतो.

डाईंग म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. रंग चढवायला, बिघडला तर उतरवायला एक पांढरी पावडर लागते. तिला सगळे हायड्रो म्हणतात. दिसायला मीठ. पन्नास किलोच्या लोखंडी ड्रममधून येते. ड्रमवर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं असायचं, चित्रं काढलेली असायची. आमच्यात ते वाचणारं कोणी नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांना वेळ नव्हता. बाईंनाही वाचता येत नव्हतं. त्यांना एका जुन्या डाईंगमास्तरांनी डोळ्यांनी दाखवलं होतं. ताटलीत हायड्रोचा ढीग केला आणि वर चार थेंब पाणी टाकलं. थोड्या वेळाने पावडर तापली, धुरायला लागली आणि असा वास सुटला की दोघंही खोकत बाहेर आली. मास्तर म्हणाले, "बाई, टाकीभर पाण्यात हायड्रो टाकलं तर ते मुकाट विरघळतं. पण हायड्रोच्या ड्रममध्ये घोटभर पाणी जाऊ देऊ नका." झाली बाईंची शाळा. पुढची अकरा वर्षं त्यांनी ती मोडली नाही.

त्यांचा नवरा याच डाईंगमध्ये हमाल होता. तो वारल्यावर शेठने त्यांना झाडायला ठेवलं, आणि मास्तरांनी ओळखलं की या बाईला नीट शिकवलं तर माल तोलून देईल. गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे. सकाळच्या एसटीने यायच्या, संध्याकाळच्या एसटीने जायच्या. पावसाळ्यात आल्या की आधी पदर पिळायच्या, सुकं लुगडं पिशवीत आणलेलं असायचं ते नेसायच्या, मग खोली उघडायच्या. हायड्रो काढायचा प्लास्टिकचा मग वेगळा, तो कधी पाण्याला लावायचा नाही. काढून झालं की आतल्या पिशवीला पीळ, वर झाकण, झाकणावर लोखंडी रिंग आणि रिंगेची कडी दाबून बंद. दिवसातून वीसदा काढायचं असलं तरी वीसदा कडी.

मला बाई आवडायच्या आणि डोक्यातही जायच्या. बॉयलरवाल्याचे हात कोरडे कधी असणार, सांगा. तीन-तीनदा परत पाठवायच्या. लोकांसमोर म्हणायच्या, "जीवन, काखेतला घाम पूस आदी." सगळे हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन हजार चारचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला सकाळी अर्धा दिवस काम, मग प्रत्येक खात्याची पूजा. कापड रंगवायच्या जिगर मशीनला हार, बॉयलरला हार, वजनकाट्याला हार. आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडायचं आणि समोर नारळ फोडायचा. नारळ फोडला नाही तर पूजा झाली असं कोणी मानत नाही. फक्त बाईंच्या खोलीत रीत वेगळी होती. कोरडं हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आणि नारळ ड्रमना दाखवून बाहेर फाटकापाशी न्यायचा, तिथे फोडायचा. शेठच्या आईने एकदा विचारलं होतं, "अहो, देवाला कोरडंच ठेवता का?" बाई म्हणाल्या, "देव रागावला तर मी बगून घेईन."

त्या वर्षी बाईंच्या मुलीला, हेमालीला बघायला पाहुणे येणार होते. बाई दुपारी येणार होत्या. आदल्या दिवशी चावी माझ्या हातात दिली. "दुसऱ्या कुनाला दिली न्हाय, तुला दिली," म्हणाल्या. "पूजा कर. पन पानी न्हाय, जीवन. नारळ भायेर."

मी मान डोलावली.

सकाळी मास्तरांनी हायड्रो मागवलं. चालू ड्रम दारापासून तिसरा. मी काढून दिलं, पिशवी तशीच ठेवली, झाकण वर टेकवलं. रिंग लावलीच नाही, कारण बॉयलरची शिट्टी वाजत होती आणि मला बघायला तिथे बाई नव्हत्या. अकराला पूजा घेतली. ताट हातात, मागे पाच-सहा जण उभे. कोणीतरी म्हणालं, "काय जीवनभाऊ, आज तुम्ही पण सोवळ्यात का?" तेवढ्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाईचा नोकर आहे का मी? लोक पांगले, शेठच्या पूजेकडे गेले, मी एकटा मागे राहिलो. डहाळीने पाणी शिंपडलं. मग नारळ घेतला आणि तिसऱ्या ड्रमच्या काठावर आपटला, कारण लोखंडी काठ समोरच होता.

नारळाचं पाणी झाकणावरून वाहिलं, झाकण सरकलेलं होतं तिथून आत गेलं. मी पाहिलं. आत पिशवीवर पडल्याचा आवाजही ऐकला. घोटभर असेल. म्हटलं, घोटभराने काय होतंय. नारळाची भकलं उचलली, दार ओढलं, चावी खिशात टाकली आणि पेढे खायला गेलो.

अर्धा तास गेला असेल. आधी वास आला, नाकात आणि घशात एकदम धरणारा. मग दाराच्या फटीतून पिवळट धूर. कोणीतरी ओरडलं, वायरिंग जळतंय. शेठ हातात पेढ्याचा बॉक्स घेऊन धावत आले. "पानी लाव, पानी," असं लूमवरून कापड रंगवायला घेऊन आलेली माणसं ओरडत होती, आणि कोणीतरी दार उघडून तीन बादल्या आत फेकल्याही. धूर दुप्पट झाला.

मला माहीत होतं. त्या सगळ्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं की वायरिंग नाही, ड्रम आहे, आणि कुठला ड्रम आहे. पाचावर धारण बसली माझी. वाटलं, आता बोललो तर मालकासमोर, मास्तरांसमोर, सगळ्यांसमोर उघडा पडणार. वाटलं, आपोआप विझेल. माणूस किती नालायक होऊ शकतो हे मला दुसऱ्या कोणाकडून शिकायची गरज नाही.

त्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून सहा बिऱ्हाडांची चाळ. सणाचा स्वयंपाक चाललेला. मागच्या झरोक्यातून धूर त्यांच्या घरात शिरत होता, बाया पोरांना कडेवर घेऊन खोकत बाहेर येत होत्या, आणि एक म्हातारी अजून खाटेवरच आहे असं कोणी सांगत होतं. खोलीत चौदा ड्रम होते. एक पेटला तर शेजारचा तापणार, तो पेटला तर पुढचा.

तेवढ्यात बाई फाटकातून आत आल्या. नवं लुगडं, हातात पाहुण्यांसाठी केलेल्या लाडवांचा डबा. त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. वास घेतला आणि डबा खाली ठेवला.

"पानी थांबवा," त्या म्हणाल्या. "हायड्रोला पानी लागलंय. कुनी घातलं?"

शेठ मास्तरांकडे बघायला लागले.

"कुनी घातलं ते नका सांगू. कुठल्या डब्यात गेलं तेवढं सांगा. तो एक भायेर काढला की बाकीचे वाचतील."

त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत माझ्यापर्यंत आल्या. मी खिशातून चावी काढून त्यांच्या हातात दिली. दार सताड उघडं असताना चावी दिली, एवढंच सुचलं मला. बाईंनी चावीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदराचे दोन वेढे नाकातोंडाला घेऊन आत गेल्या.

खोली बोळासारखी अरुंद आणि लांब. ड्रम एका रांगेत भिंतीला लावलेले. धुरात काही दिसत नव्हतं, त्यामुळे गरम कुठला ते हात लावूनच कळणार. बाहेर आम्हाला त्यांचा खोकला ऐकू येत होता. खोकला थांबायचा, पुन्हा यायचा, आणि आत कुठेतरी लांबून यायचा. मला वाटत होतं आता येतील, आता येतील. त्या येत नव्हत्या. मी तेव्हाही ओरडून सांगू शकत होतो. तीन शब्दांचं काम होतं.

शेवटी खोलीतल्या ढकलगाडीचं चाक वाजलं. ड्रम तिरका करून त्यांनी एकटीने गाडीवर घेतला होता. दारात आल्या तशी मी आणि मास्तर पुढे धावलो, गाडी ओढत मोकळ्या आवारात नेली. तिथे त्या ड्रमने पेट घेतला, आणि बंब येऊन पाण्याचा लोट सोडेपर्यंत जळत राहिला. चाळ वाचली. म्हातारीला तिच्या सुनेने पाठुंगळी बाहेर आणलं होतं. बाकीचे तेरा ड्रम वाचले. बाई फाटकापाशी बसल्या होत्या आणि त्यांना श्वास आत घेता येत नव्हता.

ठाण्याला नेलं. सव्वा महिना ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आतून भाजली आहेत, जेवढी उरली तेवढ्यावर चालवायचं. शेठने चौकशी केली. झाकणाला रिंग नव्हती हे मास्तरांनी सांगितलं, आणि रिंगेचं काम बाईंचं; पाणी कुठून आलं ते कोणी खोदून विचारलं नाही, चावी दुसऱ्याला दिली हीही चूक त्यांचीच ठरली. झालं, ठरलं. कामावरून नाव कमी झालं. हेमालीचं जमत आलेलं लग्न दोन वर्षं लांबलं, कारण आईला सोडून जायला ती तयार होईना. मी मूग गिळून बसलो. बॉयलर पेटवत राहिलो. दर दसऱ्याला हार आणत राहिलो.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात निरोप आला की बाईंचं आता फार दिवसांचं नाही. मी वज्रेश्वरीची एसटी धरली.

बाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून झोपायच्याही तशाच. एवढ्याशा झाल्या होत्या. आईसाठी माहेरी आलेल्या हेमालीने मला पाणी दिलं, मी तोंडावरून ओला हात फिरवला आणि बाईंच्या समोर बसलो. त्यांनी उशाचा पंचा उचलून माझ्याकडे टाकला.

"हात पूस."

मी पुसले. तळवे उलटेसुलटे करून दाखवले. आणि मला रडूच आलं. सगळं सांगितलं, नारळ, झाकण, रिंग, घोटभर पाणी. म्हटलं, उद्या शेठकडे जातो, तुमचं नाव साफ करतो.

त्या चार शब्द बोलायच्या आणि थांबायच्या. "तू घातलंस ते मला मागनं कळलं. दवाखान्यात तुझी चावी आठवली तवा." थांबल्या. "शेठला सांग नायतर नको सांगू. माझं एक ऱ्हायलंय. कुठला व्हता तो?"

"बाई, तुम्हीच तर काढला."

"मी हातानं काढला. दिसत कुटं व्हतं. कुठला व्हता?"

"दारापासून तिसरा."

बाई बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता तेवढाच. हेमाली दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"मला वाटलं, पुढच्या डब्यात कोन पानी घालील," बाई म्हणाल्या. "पुढं तर तू व्हतास, तुला तर सांगून ठेवलं व्हतं. म्हटलं, मागचा एखादा डबा गंजला असंल, झरोक्यातनं पानी आलं असंल, चाळीतलं. म्हनून आदी मागं गेले, पार भिंतीपर्यंत. आनि तिथनं हात लावीत आले."

त्यांनी तळहात उघडून मला दाखवला. जळलेली कातडी चकचकीत झाली होती.

"अकरा डबे गार लागले, जीवन."