अक्कांना मांडी घालून बसायचं होतं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. मुलाला सांगितली नाही, मठातल्या स्वामींनाही नाही. गावात माझी ओळख तोंडावर बोलणारी बाई अशी. शांताबाईला खोटं जमत नाही, असं लोक म्हणतात. त्याचाच तर मी — पण थांबा, आधी अक्कांचं सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेल्यावर घरात आम्ही दोघी, माझा मुलगा आणि सून, एवढीच माणसं. अक्कांची एकुलती लेक महादेवी — ती त्यांना अव्वा म्हणायची — ढोकीला दिलेली. शेवटचे सहा महिने अक्का अंथरुणावर होत्या, आणि त्या मरणाबद्दल सरळ बोलायच्या — उद्या बाजाराला जायचंय, असं सांगावं तसं. मला ते सोसायचं नाही. का? माझा नवरा गेला तेव्हा मी रडलेसुद्धा नव्हते. मग ही भीती कुठं दडून बसली होती? मला अजून कळलेलं नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "शिवात मिसळायचं म्हणतात. मिसळल्यावर मी मीच हाय, हे मला कळंल का गं?"

"मिठाचा खडा पाण्यात पडल्यावर त्याला काय कळतंय?" मी म्हणाले. त्यांना गप्प करायलाच म्हणाले.

त्या हसल्या. "पाणी तरी खारट होतंय की, शांते."

पुढचं शिव बघेल, असं त्या म्हणायच्या. त्यांना घोर होता तो त्याच्या अलीकडचा, देह मातीत जाईपर्यंतचा. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर गळ्यातलं लिंग ठेवतात आणि बसलेलंच पुरतात. पण अंग ताठायच्या आत पाय मुडपावे लागतात. अक्कांनी माहेरी लहानपणी एका म्हातारीचे ताठलेले गुडघे दाबताना पाहिले होते. ते त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. म्हणून त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं — शेवटाला जवळ बस, आणि श्वास थांबला की लगेच माझी मांडी घाल. मी हो म्हणाले. चाळीस वर्षं एका चुलीवर राबलो, त्यांनी माझ्याकडं एवढं एकच मागितलं.

चैत्र होता. मुलगा आणि सून बेंबळीला लग्नाला गेले होते. महादेवी आदल्या दिवशी येणार होती, पण घरी पाहुणे आले म्हणून तिनं येणं दोन दिवस पुढं ढकललं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला अक्कांचा श्वास बदलला. मी चमच्यानं पाणी घातलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "शांते, आता उठू नगस."

मी उठले.

पुन्हा लिहिते, म्हणजे मला त्यातून निसटता येणार नाही — मनगट सोडवून घेतलं आणि उठले. परसात चिंचांचा ढीग पडला होता. दगडावर बत्त्यानं चिंचा फोडत बसले. अक्कांनी हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. दुसऱ्या हाकेला मी बत्ता जोरात हाणला — ऐकू येऊ नये म्हणून. मग हाक आली नाही. तरी मी फोडतच राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उंबऱ्यातून आत पाहिलं. तोंड उघडं होतं, डोळे दाराकडं. गेल्या होत्या. तेव्हा तरी आत जायचं ना? मांडी घालायला किती वेळ लागला असता? मी परत परसात गेले.

दिवस मावळताना मुलाच्या मोटारसायकलचा आवाज आला, तशी आत धावले आणि अक्कांजवळ बसले. "आत्ताच गेल्या," म्हणाले.

निरोप मिळून महादेवी येऊन पोचली तेव्हा बायका अंघोळ घालत होत्या. पाय वळेनात. अंघोळ घालणारी म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्ता गेली म्हणतीस, अन् गुडघं असं?" मी पाण्याचा तांब्या पुढं केला. कुणाला माझा संशय आला नाही. शांताबाई कशाला खोटं बोलेल? मग दोष कुणाचा? अक्कांचा. भावकीतला एक जाणता माणूस म्हणाला, "जीव लेकीत अडकलाय हिचा. शिवाकडं जायला तयारच न्हाय ही."

महादेवी दारात उभी होती. "अव्वा माझ्यावर रागावून गेली," एवढंच म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली.

मी तेव्हा बोलू शकत होते. माझं तोंड उघडलंसुद्धा — आणि मी रडायला लागले. बायकांनी मलाच जवळ घेतलं.

दोघा पुरुषांनी गुडघे दाबले. आवाज झाला. तो कशासारखा होता, ते मला माहीत आहे. सांगणार नाही.

त्या चिंचा वर्षभर पुरल्या. सून म्हणाली, एका दिवसात एवढ्या फोडल्या तुम्ही? गावात अजूनही कुणी अवघड मेलं की अक्कांचं नाव निघतं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. आता माझे पाय धरलेत, फारसं उठवत नाही. महादेवीला मूलबाळ नाही. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडंच असते. रोज करडईचं तेल कोमट करून माझ्या गुडघ्यांना चोळते. एकेक पाय मुडपून बघते, सरळ करते, पुन्हा मुडपते. म्हणते, "काकू, अव्वाचं झालं तसं तुमचं होऊ द्यायची न्हाय मी. तुमच्याजवळनं उठणारच न्हाय."

कधी कधी चोळता चोळता विचारते, "अव्वानं शेवटाला माझं नाव घेतलं का?" मी नाही म्हणते. एवढं खरं आहे. दोन्ही हाका माझ्या नावाच्या होत्या.

आता चुलीवर तेलाची वाटी ठेवल्याचा आवाज आला. ती येईल. मी पाय पुढं करीन.