पऱ्यातला कचरा

राग माझ्या नाकावरच असतो, असं घरचे म्हणतात. असेल. पण गेल्या पौषात आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये असंच मला वाटतं.

रत्नागिरीहून आम्ही चौदा जण एक घळ बघायला गेलो होतो. वाट अगदी सोपी. पऱ्याच्या पात्रातूनच वर चढत जायचं, दोन्ही बाजूंना जांभ्याचे कडे, पायाखाली घोट्याएवढं नितळ पाणी, आणि दुपारी वरच्या वाडीपाशी डबे खायचे. पुढारी एक तरुण गृहस्थ, गळ्यात शिट्टी. निघताना मीच सगळ्यांना गोण्या वाटल्या आणि वर भाषण ठोकलं, "कचरा दिसला की उचलायचा. कुणाला विचारत बसायचं नाही."

गुडघ्यामुळे मी मागे पडले. दगडाखालचे खेकडे बघत मजेत चालले होते, तेवढ्यात पाणी तांबडं झालं आणि पोटऱ्यांपर्यंत चढलं. पौषात पूर कुठून येणार? मी घाईने वर गेले. तिथे सगळे टाळ्या पिटत होते. कुणीतरी माझ्या हातात भरलेली गोणी दिली, "ताई, इकडे बघा!" म्हणून फोटो काढला. मग मी गोणीत डोकावले.

आत पेंढा होता, ओला पाला होता, आणि मातीने माखलेली, तोंड शिवलेली पण आता फाटलेली सिमेंटची जुनी पिशवी. माझ्या आजोळी असाच बांध घालत. दगड रचायचे, फटींत पेंढा आणि चिखल दाबायचा, वर पिशव्या. मागे पाणी तुंबलं की ते पाटाने मळ्यात जातं. माझ्या शहाण्या मंडळींनी तो कचरा समजून उपसला होता! शिकलेली माणसं ही, आणि पलीकडे निघालेला पाट एकालाही दिसू नये?

पाट आटला म्हणून एक बाई मळ्यातून धावत आली. हात चिखलाने भरलेले.

"कोनी फोडलान बांद? घरटी मानूस येऊन घातलेला हाय हा! आज पान्याचा माजा वार. आठ दिसांनी येतो. मिरच्यांची रोपां काल लावलीत मी."

"मावशी, एवढं काय त्यात," पुढारी म्हणाले, "परत घालू की."

मी त्यांच्यावर अशी कडाडले की शिट्टी त्यांच्या हातातून सुटली. लाज वाटत नाही का, म्हटलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "ताई, विचारायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत."

पण राग कमी झाला नाही, उलट दुप्पट झाला, कारण आता त्यात मीही होते.

बाई सांगेल तसा आम्ही बांध पुन्हा घातला. डबे तसेच राहिले. पण पाटाच्या तोंडापर्यंत पाणी चढायला उद्याची सकाळ उजाडणार होती, आणि उद्याचा वार दुसऱ्या घराचा. चुकलेला वार मागून मिळत नाही, असा वाडीचा नियम. बाई कळशी घेऊन डबक्यातलं गढूळ पाणी रोपांना घालायला लागली. मीही एक कळशी उचलली. गाडीची वेळ झाली तेव्हा निम्मे वाफे कोरडेच होते, आणि रोपांनी माना टाकल्या होत्या.

संध्याकाळी पुढाऱ्यांनी आमच्या गटावर फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आज आपण एक पऱ्या मोकळा केला.' त्याखाली अंगठ्यांची रांग. फोटोत मधोमध मी आहे. हातात त्या बाईचा बांध आहे, आणि मी हसते आहे.