पाठीवरचे ऊन

बोरगाव मेघेहून निघालो तेव्हा आईच्या मांडीवर खण-नारळाची पिशवी होती. तिच्या लग्नाच्या घाईत माहेरच्या मातामायची (गावदेवीची) ओटी भरायची राहिली होती. ती आता भरायची. आईचे गुडघे पुढच्या वर्षाची हमी देत नव्हते. अडचण अशी की तिच्या लग्नानंतर लगेचच ते गाव उठले आणि ती पुन्हा तिकडे गेली नाही; आता ते रिठ (उठून गेलेले गाव), मोबाइलच्या नकाशात नाही.

आईला एवढेच आठवत होते. "गावाहून जामपर्यंत तीन कोस लग्नाची बंडी (बैलगाडी) सरळ गेली. उगवतं ऊन पाठीवर होतं."

म्हणजे जामपासून पूर्वेला, नऊएक किलोमीटर. जामच्या चौकात तर्रीपोहे खाताना हिशेब केला. पृथ्वी गोल, त्यामुळे आपल्याकडे रेखांशाचा अंश विषुववृत्तापेक्षा अरुंद, सुमारे एकशे चार किलोमीटरचा. नऊला त्याने भागून जामच्या रेखांशात मिळवले. अक्षांश तोच ठेवला.

तो बिंदू कपाशीत निघाला. कापूस वेचणाऱ्या बाई हसल्या. "इथं कायची मातामाय, भाऊ? रस्ता भुलले काय?"

आकडे पुन्हा तपासले. बरोबर होते.

आई म्हणाली, "राहू दे, बापू. तिले नसंल पायजे माह्या हातची ओटी."

ते ऐकवेना. "आई, लग्न कोणत्या महिन्यात झालं?"

"वैशाखात. सकाळीच पाठ भाजून निघाली."

वैशाखात आपल्याकडे सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, वीसेक अंश उत्तरेकडे सरकतो. मी शाळेतली पूर्व धरून बसलो होतो. दिशा उत्तरेपासून नव्वदऐवजी सत्तर अंश घेतली. नऊ किलोमीटरचे दोन भाग झाले, उत्तरेला तीन आणि पूर्वेला साडेआठ. पहिल्याला अक्षांशाच्या अंशाच्या एकशे अकराने भागले, दुसऱ्याला रेखांशाच्या एकशे चारने.

नवा बिंदू एका कोरड्या नाल्यात पडला. कोस काही फूटपट्टीने मोजलेले नसतात. पण काठावर चिंच होती आणि तिच्याखाली शेंदूर फासलेले दगड. आई माझा हात न धरता उतरली. ओटी भरताना ती काय पुटपुटली, ते मी विचारले नाही.

परतताना म्हणालो, "निघताना मागची एखादी खूण पाहून ठेवली असती तर सोपं झालं असतं."

"पाहू कोन देते? नवरीनं मांगं वळून पाहू नाई म्हनत. म्हनून तं ऊनच ध्यानात राह्यलं."

मी गाडी थांबवली आणि उलटी वळवून चिंचेकडे तोंड करून उभी केली. आईने काच खाली केली. मी इंजिन बंद केले.