नवागामची हंगेरियन खोली

सुरतेला जाण्याचे कारण मी घरी सांगितले, तेव्हा सूनबाईने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. "हंगेरी बघायला सुरतेला?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर येथेही देतो.

प्रल्हाद हा माझा अमळनेरचा विद्यार्थी. तर्कशास्त्राच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि प्रत्येक अनुमानाला अपवाद शोधे. पुढे तो सुरतेत मराठी शाळेत शिक्षक झाला, निवृत्त झाला आणि चार मित्रांच्या मदतीने नवागाममधल्या यंत्रमागांच्या एका बंद लूमखात्याच्या माडीवर त्याने संग्रहालय उभे केले. खानदेशातून सुरतेत आलेल्या माणसांनी सोबत जे आणले ते तेथे मांडले आहे: जाती, गोधड्या, कानबाई देवीची वस्त्रे, पत्र्याच्या पेट्या. परदेशात स्थायिक झालेल्या हंगेरियन लोकांचेही असेच एक संग्रहालय आहे. पत्रव्यवहारातून दोन्ही संग्रहालयांची ओळख झाली आणि अदलाबदल ठरली. आपल्या गोधड्या तिकडे गेल्या, त्यांची एक खोली तीन महिन्यांसाठी इकडे आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस होते, तेव्हा मी निघालो.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी तापी मार्गावरची सकाळची गाडी धरावी. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. गाडी थांबते तेवढ्यात फलाटावरून चालत राज्य बदलता येते. बारडोलीच्या आसपास ऊस दिसू लागतो आणि डोळ्यांना जरा गारवा मिळतो. सुरत स्थानकापर्यंत जाऊ नये. उधन्याला उतरावे, तेथून नवागाम जवळ पडते. एकट्यासाठी रिक्षा शंभराच्या आत मिळते, वाटून घेतल्यास त्याहून बरीच स्वस्त.

रिक्षावाल्याला मी संग्रहालयाचा पत्ता सांगितला. त्याला तो कळेना. मग हंगेरीचे नाव घेतले, तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि आवाज उतरवून विचारले, "अच्छा, वो मय्यतवाला कमरा? आपका कोई था क्या, चाचा?"

मी नाही म्हणालो.

प्रल्हादच्या घरी कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि वर त्याच्या नातीने आग्रहाने वाढलेला सुरती लोचो असे जेवण झाले. रिक्षावाल्याचे बोलणे मी त्याला सांगितले. तो नुसता हसला. वर्गातही उत्तर ठाऊक असे तेव्हा तो असाच हसत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही संग्रहालयात गेलो. प्रवेश विनामूल्य आहे, सोमवारी बंद. जिना अरुंद असून कठड्याला धरूनच चढावा लागतो. आजूबाजूच्या सगळ्या खात्यांत लूम चालू असतात आणि त्यांचा खडखडाट पायांच्या तळव्यांतून वर येतो. खानदेशी दालन ओलांडून मी त्या खोलीच्या उंबऱ्यात पाऊल टाकले आणि तो खडखडाट जणू कोणी दार लावावे तसा थांबला. कारण उघड होते: खोलीत उशाच उशा होत्या. तरीही मी एकदा मागे वळून पाहिले.

हंगेरीतल्या खेड्यांत घरातली सर्वांत चांगली खोली वापरायची नसे. तिच्यातला पलंग उशा आणि गाद्या रचून आढ्यापर्यंत भरत. त्यावर कोणी झोपत नसे. तो लेकीचा हुंडा असे आणि घराची पत असे. येथे तो पलंग जसाच्या तसा रचला आहे. उशांच्या टोकांवर लाल दोऱ्याची दाट फुले आहेत, इतकी एकसारखी की मोजताना नजर चुकते. शेजारी रंगीत फुलांची लाकडी पेटी आहे. कोपऱ्यात स्त्रीचा पोशाख उभ्या सांगाड्यावर चढवलेला आहे. सांगाड्याला डोके नाही. भिंतीला टेकून कोरीव लाकडी खांब ठेवले आहेत. तिकडे काही गावांत थडग्यावर दगडाऐवजी असे खांब रोवतात. या खोलीचा दुसरा उपयोगही फलकावर लिहिला आहे. घरातले माणूस वारले की त्याला याच खोलीत निजवत, आरसा कापडाने झाकत आणि घड्याळ थांबवत. त्यामुळे येथील आरसा झाकलेला आहे आणि लंबकाचे घड्याळ तीनला दहा मिनिटे असताना थांबवलेले आहे.

दाराजवळ लाकडी स्टुलावर शेवंताबाई बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, कपाळाला ठसठशीत कुंकू. संग्रहालयाची देखभाल त्या करतात. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळाने वस्तीतल्या पाच बायका आल्या. जिन्यात त्यांचे बोलणे चालले होते. एवढ्या उशांवरून नवरी घसरली तर माहेरी कोणत्या तोंडाने सांगायचे, असे एक विचारत होती आणि बाकीच्या हसत होत्या. उंबऱ्याशी हसणे थांबले. डोक्यावर पदर ओढून त्या आत आल्या आणि जमिनीवर बसल्या. पलंगाकडे एकीनेही पाहिले नाही. पोशाखाकडे नाही, खांबांकडे नाही. पाचही जणी शेवंताबाईंच्या स्टुलाच्या पायांकडे पाहत होत्या. शेवंताबाई भिंतीकडे पाहत होत्या. पंधरा मिनिटे कोणी शब्द काढला नाही. मग एक उठली, तिच्यामागे चौघी उठल्या, आणि त्या निघून गेल्या. जाताना कोणीही "येते" म्हणाली नाही.

येथे मला थांबून विचार करावा लागला. आपल्याकडे पाहुणा "येतो" म्हटल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. याला अपवाद एकच. दुखवट्याच्या घरी भेटायला गेलेला माणूस न सांगता उठतो, कारण तेथे पुन्हा येण्याचे कारण घडू नये. या बायका उद्धट नव्हत्या. म्हणजे त्या प्रदर्शन पाहायला आल्या नव्हत्या. अनुमान सोपे होते. ते पूर्ण होईतो आणखी सात जणी जिना चढून आल्या होत्या.

प्रल्हादला मी बाहेर नेले. आता तो हसला नाही, सांगू लागला.

शेवंताबाईंचे यजमान बमरोलीच्या एका लूमखात्यात कामाला होते. नऊ वर्षांपूर्वी दिवसपाळी संपवून, डबा हातात घेऊन ते फाटकाबाहेर पडले आणि घरी पोहोचले नाहीत. पोलिसांत तक्रार झाली, इस्पितळे पाहून झाली, गावाकडे शोध झाला. माणूस मिळाला नाही, आणि देहही मिळाला नाही. वस्ती दुखवट्याला बसायला तयार होती. शेवंताबाईंनी दारात उभे राहून सगळ्यांना परत पाठवले. नऊ वर्षे त्यांनी कोणालाही त्या कारणासाठी घरात बसू दिले नाही.

"आणि ही खोली?"

चूक माझी आहे, असे प्रल्हाद म्हणाला. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या इंदूबाई नावाच्या म्हाताऱ्या आल्या. आरसा का झाकला, हे त्यांनी विचारले. "असं समजा, या घरातला माणूस वारला आहे," असे म्हणून प्रल्हादने समजावायला सुरुवात केली. इंदूबाईंनी खोलीभर पाहिले, स्टुलावर बसलेल्या शेवंताबाईंकडे पाहिले, पदर घेतला आणि खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. आता रोज येतात, नवागामहून, दिंडोलीहून, बमरोलीहून. प्रारंभी तो प्रदर्शनाच्या यशाने खूश झाला होता.

गृहीतक मांडले की ते मागेही घ्यावे लागते, हे मी त्याला शिकवले होते. येथे ते मागे घ्यायचे राहून गेले, आणि साऱ्या वस्तीने त्याचा निष्कर्ष करून टाकला. शेवंताबाईंना घरातून लोकांना हाकलता येत होते, येथून येईना. येथे दार सर्वांसाठी उघडे ठेवणे हेच त्यांचे काम होते.

संध्याकाळी त्यांचा मुलगा कैलास भेटला. कापड बाजारात टेम्पो चालवतो. आखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, नैवेद्य दाखवतात; त्याच्या वडिलांची घागर आजवर भरलेली नव्हती. दर आखाजीला वडील स्वप्नात येऊन कोरड्या ओठांनी समोर बसतात, बोलत नाहीत, असे त्याने खाली मान घालून सांगितले. "सर, माय कोणाचंच ऐकत नाही. तुम्ही प्रोफेसर आहात. तुम्ही सिद्ध करून सांगा."

मी होकार द्यायला नको होता, पण दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंताबाईंसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि पायरी पायरीने मांडणी केली. घरावर जीव असलेला माणूस जिवंत असता तर त्याने निरोप धाडला असता. नऊ वर्षांत निरोप नाही. कायदाही सात वर्षांनंतर असा माणूस मृत मानतो. त्यांनी मला मध्ये अडवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "सर, धूर कोणी देखा?"

कसला धूर, असे मी विचारले.

"माणूस जळस तं धूर निंघस," त्या म्हणाल्या. "कोणी तरी देखस. कोणी देखा ते सांगा, मी आत्ते कुकू पुसस."

पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे उदाहरण मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले. धूर नसताना अग्नी मानणारा विद्यार्थी मी नापास केला असता. माझी मांडणी फसली होती आणि ते त्यांना कळले होते. वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. ती असती तर नक्की दिसली असती, हे आधी सिद्ध करावे लागते. सुरतेसारख्या शहरात ते कोण सिद्ध करणार?

तोवर खोली बायकांनी भरली होती. पदराखालचे चेहरे दिसत नव्हते. डोके नसलेला तो पोशाखही त्यांच्यातलाच एक वाटू लागला. मी उठलो आणि बाहेर पडलो. तीन पायऱ्या उतरलो असेन, वरून शेवंताबाईंचा आवाज आला, "सर, तुम्हीन बी?"

मी "येतो" म्हणालो नव्हतो. वळून म्हणायला हवे होते. बोलायला तोंड उघडले, पण जिन्यातून आणखी बायका वर येत होत्या आणि त्यांना वाट देताना मी खाली ढकलला गेलो.

आखाजीच्या सकाळी कैलासच्या घरी गेलो. उन्हाने पत्रे तापले होते. ओट्याजवळ पाटावर आजा-पणज्याच्या दोन घागरी मांडल्या होत्या, वर आंबा, पुरणपोळी. कैलासने तिसरी घागर भरून आणली आणि ती हातात धरूनच उभा राहिला. ठेवायचे धैर्य त्याला होईना. पाणी काठावरून त्याच्या पायांवर सांडत होते. दारात गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांनी अजून पदर घेतले नव्हते. वाट पाहत होत्या.

शेवंताबाईंनी घागर त्याच्या हातून घेतली. पितरांच्या पाटावर ती ठेवली नाही. घर ओलांडून त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताला लागेल अशी ती दाराबाहेर ठेवली, वर पेला पालथा घातला.

"राहू दे आठे," त्या मुलाला म्हणाल्या. "तहान जित्ता माणूसले बी लागस."

दारातल्या बायका बाजूला झाल्या. इंदूबाईंनी थोडा वेळ त्या घागरीकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाल्या, "येते वो, शेवंता."

"या," शेवंताबाई म्हणाल्या.

दुपारच्या गाडीने मी परत निघालो. प्रदर्शन आणखी महिनाभर आहे. ज्यांना भरतकामात रस आहे त्यांनी सकाळी अकराच्या आत जावे. तेव्हा उशांवर ऊन पडते आणि खोलीत कोणी नसते. दुपारी अजूनही बायका येतात, पूर्वीपेक्षा कमी, असे प्रल्हाद कळवतो. त्या स्टुलावर आता तो स्वतः बसतो. शेवंताबाईंनी बाहेरच्या खानदेशी दालनाचे काम मागून घेतले आहे.

सुरतेच्या या तीन दिवसांतून माझ्यापाशी काय उरले, हे मी प्रवासभर तपासत होतो. तो माणूस आहे, हे मला सिद्ध करता येत नाही. तो नाही, हेही येत नाही. उत्तर अमळनेरला घराच्या पायरीवर द्यावे लागले. दुखवट्याहून आलेल्या माणसाने पाय धुतल्याशिवाय घरात शिरू नये, अशी आपली रीत. सूनबाईने मी कोठून आलो ते चेहऱ्यावरून ओळखले की काय कोण जाणे. काही न विचारता ती पाण्याची बादली घेऊन दारात आली आणि बाजूला उभी राहिली.

मी तिला बादली आत न्यायला सांगितले, आणि सुरतेची धूळ तशीच पायांवर घेऊन घरात गेलो.