दोन नळ्यांची मोरी

बांधकाम खात्याच्या आरेखन शाखेत त्यांना सगळे ‘पट्टी’ म्हणायचे. कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते चटकन वळूनही बघत नसत, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. चौतीस वर्षं तिरप्या टेबलावर वाकून त्यांनी रस्ते काढले, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईने, श्वास रोखून. रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडने अलगद खरवडायची, नखाने जागा गुळगुळीत करायची आणि पुन्हा काढायची. त्यांनी खरवडलेली जागा दिव्यासमोर धरली तरी सापडत नसे.

माणूस नाकासमोर चालणारा. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बायको म्हणायची, यांच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात.

मुलाला मात्र वडिलांचं फार कौतुक. डोंगरापलीकडच्या शहराला जाणारा मोठा रस्ता माझ्या बाबांनी बांधला, असं तो शाळेत असल्यापासून सांगत आलेला. ‘बांधला नाही, काढला,’ एवढी दुरुस्ती पट्टी करायचे. त्या रस्त्याने एकदा जाऊ या, असा धोशा मुलाने किती वर्षं लावला होता. पण पट्टींकडे दर वेळी कारण तयार. कधी गाडी लागते, कधी कंबर धरते, आणि काहीच नाही सुचलं तर रेल्वे बरी. बावीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं.

ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मुलीने पलीकडच्या शहरात घर घेतलं. सगळ्यांनी यायलाच हवं, असा तिचा हट्ट. नेमकी दरड कोसळून रेल्वे बंद पडली आणि मुलाच्या मनासारखं झालं. त्याने गाडी काढली, पुढच्या सीटवर वडिलांना बसवलं. मागे आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी.

निघाल्यापासून पाऊस जो लागला तो खळेना. काचा आतून धुरकट व्हायच्या, सून मागून वाकून फडक्याने पुसायची. डब्याचा, ओल्या चपलांचा आणि नातीने सांडलेल्या सरबताचा मिळून एक वास गाडीत भरून राहिला होता. घाट लागला तसा मुलगा प्रत्येक वळणाला विचारू लागला, हे तुमचंच ना? पट्टी आधी नुसती मान हलवत होते. मग त्यांनाही राहवेना. कागदावर वीतभर काढलेलं वळण डोंगराला केवढा मोठा वळसा घालतं, हे ते पहिल्यांदाच बघत होते. या वळणाला कडा आड येत होता म्हणून तीनदा आखणी बदलली, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. बायकोने सुनेला कोपराने ढोसलं. त्यांना एवढं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

घाट उतरल्यावर ते बोलायचे थांबले.

सपाटीवर दोन-तीन मैल गेल्यावर पुढे गाड्यांची रांग दिसली. मुलगा छत्री घेऊन बघून आला. रस्ता पुढे खोलगट होत होता आणि त्यावरून मातकट पाणी चाललं होतं, आडवं, वेगाने. दोन तास तरी हलायला नको, असं ट्रकवाल्यांचं म्हणणं. कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चहाची टपरी होती. सगळे तिथे जाऊन बाकावर बसले.

टपरी चालवणारी बाई चाळिशीची असेल. तिने न विचारता पाच पेले मांडले. मुलगा बोलका. चहा हातात येताच त्याने सांगून टाकलं, “हा अख्खा रस्ता आमच्या बाबांनी काढलाय. नकाशे त्यांचे.”

बाईने पट्टींकडे निरखून पाहिलं. “मग नकाशात हा नाला नव्हता का, काका?”

“होता,” पट्टी म्हणाले.

तिने पातेलं उतरवून ठेवलं आणि मग, अडकलेल्या माणसांना दर पावसाळ्यात सांगत असावी तशा सपाट आवाजात, सांगू लागली. तिचा नवरा इथेच पंक्चर काढायचा. चार वर्षांपूर्वी पलीकडे गाडी बंद पडली म्हणून कोणी हाक मारली, तेव्हा हा पोटरीएवढ्या पाण्यातून निघाला. मधोमध पोचला आणि वरून लोंढा आला. तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच्याआधी दोघे गेले होते, नंतर एक. रस्त्याखालच्या दोन नळ्यांत पालापाचोळा अडकतो आणि पाणी वर चढतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रस्ता काढणाऱ्यांना कसं ठाऊक नव्हतं, कोण जाणे.

मुलाचा चेहरा उतरला. तो नळ्या तुंबण्याबद्दल, देखभाल न करणाऱ्यांबद्दल काहीतरी पुटपुटला. पट्टी पेल्यात बघत बसले. चहावर साय धरली तरी तो तसाच.

त्यांना ठाऊक होतं. मोजणीदाराच्या वहीत नोंद होती. नाल्याकाठच्या झाडावर पुराची खूण, नियोजित रस्त्याच्या दीड हात वर. इथे दोन नळ्यांची मोरी नाही, पूल हवा, हे त्यांना टेबलावरच दिसलं. त्यांनी आराखड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पूरपातळी तपासावी’ असं लिहिलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला. पुलाची मंजुरी वरून आणायची म्हणजे आणखी वर्ष गेलं असतं, आणि उद्‌घाटनाची तारीख ठरलेली. साहेब चिडले नाहीत. हसून म्हणाले, “तुमचं काम रेघ ओढायचं. ती किती उंच ओढायची ते आम्ही बघू.” मग पट्टींनी जागेवर येऊन ब्लेड घेतलं आणि ते दोन शब्द खरवडून काढले. नेहमीसारखे, सफाईने.

पाणी ओसरेना, तेव्हा मुलाने गाडी वळवली आणि लांबचा रस्ता धरला. नात झोपली होती. पट्टींनी समोर बघत सगळं सांगितलं, खूण, साहेब, ब्लेड, काही न लपवता. त्यांना वाटलं होतं, मुलगा साहेबाला शिव्या घालेल.

“तुम्ही नाही म्हणायचं होतं,” मुलगा म्हणाला.

“मी ती रेघ नसती काढली तर दुसऱ्या कोणी काढली असती.”

“मग त्याने काढली असती.”

मागून आई म्हणाली, अरे, नोकरी होती त्यांची, तू तेव्हा केवढासा होतास. मुलाने वायपर जोरात केला. त्यानंतर त्याने एकाही वळणाबद्दल विचारलं नाही.

मुलीच्या घरी चार दिवस गेले. सगळी हसत होती, खोल्या बघत होती, पडदे कुठले लावायचे यावर वाद घालत होती. मुलगा वडिलांशी बोलायचा, पण जेवायला चला, औषध घेतलंत का, एवढंच. परत निघताना पाऊस उघडला होता. कुठल्या रस्त्याने जायचं, हे त्याने आईला विचारलं. उत्तर पट्टींनी दिलं, “नाल्यावरच्याच.”

नाला घोट्याएवढा झाला होता. बघून खरं वाटू नये इतका गरीब. पट्टींनी गाडी थांबवायला लावली आणि एकटेच टपरीकडे गेले. बाई बाक धूत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, की मला माहीत होतं, मी लिहिलं होतं आणि मीच खोडलं. बाक ओला होता, आणि तिनेही बसा म्हटलं नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्हाला आता हलकं वाटत असेल, काका. मी काय करू याचं?”

ते म्हणाले, मी खात्याकडे अर्ज करतो, पूल व्हायलाच हवा.

“करा,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकून बाक धुऊ लागली.

पट्टींनी खरंच अर्ज केला. नंतर स्वतः ऑफिसात जाऊन आले. शाखेत आता तिरपी टेबलं नव्हती, सगळं संगणकावर. तिथल्या तरुण मुलीने आदराने खुर्ची दिली आणि सांगितलं, की जुन्या ट्रेसिंगना वाळवी लागली होती, ती गेल्या साली जाळली. साहेब वारले होते. अर्जाला उत्तर आलं, प्रकरण पुढील कार्यवाहीसाठी पाठवलं आहे. कुठे पाठवलं, ते लिहिलेलं नव्हतं.

मुलगा अजून रविवारी येतो. नात शाळेत सांगते की आजोबा नकाशे काढायचे. कुठले, असं कोणी विचारलं तर तिला सांगता येत नाही, कारण घरात ते तिला कोणी सांगितलेलं नाही.