दोन इंचांनी अरुंद

"आधी बसून बघितलंस का?"

ऑस्ट्रेलियातल्या टार्निटच्या आमच्या गल्लीत कुणी खुर्ची, सोफा, गाडी काहीही नवं आणलं, की शेजारचे काका हा प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच बसायचे. बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. आमच्या वास्तुशांतीला पाहुणे हातात प्लेट घेऊन उभे, आणि काका सोफ्यावर उठाबशा काढतायत. "गुडघे वर येतायत रे. परत कर हा."

तुमच्याही शेजारी असं कुणीतरी असेलच. पण तुम्ही बसच्या सीट डिझाइन करत नसाल. मी करतो, कम्प्युटरवर. हे काकांना कळलं आणि माझे रविवार संपले.

काका मूळचे पुण्याचे, पत्र्याचं काम शिकलेले. तरुणपणी इंग्लंडला गेले आणि एका मोटार कारखान्यात, नव्या गाडीचे नमुने बनवणाऱ्या विभागात लागले. साध्या कुटुंबाला परवडेल अशी एक गाडी तिथे घडत होती. पुढे ती घरोघरी गेली. आधी लाकडी सांगाडा, मग हाताने पत्रा ठोकून केलेली एकेक गाडी. एक भिंतीवर आपटायची, एक खड्ड्यांतून पळवायची, एक ऑस्ट्रेलियात कच्च्या रस्त्यांवर धूळ खायला पाठवायची. जे चुकेल ते पुढच्या नमुन्यात सुधारायचं. "पहिली गाडी चुकायलाच बनवतात," असं काका मला ऐकवायचे. मी चुकत नाही, हे त्यांना पटत नसे.

एक गोष्ट तर मी इतक्यांदा ऐकली, की त्यांच्या आधी मीच संपवू शकलो असतो. एका शनिवारी त्यांनी सात महिन्यांच्या गरोदर काकूंना गुपचूप पहिल्या नमुन्याच्या मागच्या सीटवर बसवलं. काकू बसल्या, पण बाहेर येईनात. दोन दारांमधला खांब आड येत होता. सोमवारी काका साहेबाला म्हणाले, खांब दोन इंच पुढे घ्या. साहेब म्हणाला, ड्रॉइंग फायनल आहे. पुढच्या नमुन्यात काकांनी न विचारताच खांब सरकवला. साहेब भडकला, मग स्वतः बसला, उतरला, आणि तेच दार कायम झालं.

"कागदावर माझं नाव कुठेच नाही," काका शेवटी म्हणायचे. खरं सांगायचं तर मला ती थाप वाटायची.

मागच्या मार्चमध्ये त्यांनी माझ्या नाकासमोर फोन धरला. चार तासांवरच्या एका फार्मवर, शेडमध्ये उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा फोटो. "धूळ खायला पाठवलेली असणार. जायचं."

"काका, ऑफिसात माझा रिव्ह्यू आहे सोमवारी."

"रविवारी जाऊ."

वाटेत दर अर्ध्या तासाला थांबणं. माझी सीट चुकलेली, माझे आरसे चुकलेले. पेट्रोल भरताना एका अनोळखी माणसाच्या गाडीतही बसून बघायला निघाले होते. हाताला धरून परत आणलं.

फार्मची मालकीण साठीतली बाई. वडिलांनी गाडी भंगारात घेतली होती, एवढंच तिला ठाऊक. आत कोंबड्या. काकांनी त्या हाकलल्या, खांबावरून हात फिरवला आणि कुणी अडवायच्या आत मागच्या सीटवर शिरले.

आणि अडकले.

मी खांदा ओढतोय, बाई बूट ओढतेय. "इज ही ऑलराइट, मेट?" तिने घाबरून विचारलं. काका आतून आनंदाने ओरडत होते, "अडकलो! बघ, अडकलो! खांब मागेच आहे!"

मी दाराला टेप लावून माप घेतलं. त्यांना तोंडपाठ असलेल्या बाजारात आलेल्या गाडीच्या मापापेक्षा दार बरोबर दोन इंच कमी. मी पुन्हा मोजलं, तेवढंच.

काका अजून आतच होते. सीटच्या फाटक्या कापडावर तळवा ठेवून म्हणाले, "हीच रे ती. त्या कोपऱ्यातलं ठिगळ माझंच. इथे बसून तुझी काकू रडायला लागली होती. आणि मी मूर्ख, हसत होतो."

त्यांना बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली, मी चिडून रेडिओ लावला, आणि टार्निट येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

जूनमध्ये काका गेले. झोपेतच.

त्यानंतर पंधरा दिवसांनी फार्मवरच्या बाईचा फोन आला. जुन्या गाड्यांच्या क्लबची माणसं येऊन गेली होती. दार वेगळं आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि पुढे ते कुणी बदललं हे त्यांना लिहून ठेवायचं होतं. तुझ्या त्या म्हाताऱ्याला फोन देतोस का, असं तिने विचारलं.

पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही. आणि आता विचारतायत! माझं डोकंच फिरलं. काका गेले, असं मी तिच्यावर जवळजवळ ओरडलोच. ती बिचारी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली.

मग तिने कागद-पेन आणलं. मी काकांचं पूर्ण नाव एकेक अक्षर करत सांगितलं. तिने वाचून दाखवलं. आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं.

मी पुन्हा सांगितलं.