एका गौरीपुढे दोन करंडे

चैत्रातल्या त्या शुक्रवारी आमच्या झाशीच्या घरात दोन समारंभ होते. संध्याकाळी पाचला आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि सातला माझी परीक्षा. आईकडे निम्मं शहर यायचं होतं, माझ्याकडे फक्त बंगळुरूचे साहेब, तेही लॅपटॉपच्या पडद्यावर.

मी सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या घरी बसून एका ब्लॉकचेन कंपनीचं काम करते. ब्लॉकचेन म्हणजे हजारो कॉम्प्युटरांनी मिळून राखलेला एकच हिशेब. त्यात व्यवहार एकामागून एक होतात, म्हणून गर्दी झाली की सगळं तुंबतं. माझं म्हणणं साधं होतं. तुम्ही बहिणीला पैसे पाठवताय, मी दूधवाल्याला, तर तुम्ही माझ्यासाठी का खोळंबायचं? दोन्ही एकदम होऊ द्या. एकाच खात्याला दोघांनी हात लावला, तरच मागच्याला ते काम पुन्हा करायला लावा. शेवटी उत्तर मात्र तेच यायला हवं, जे रांगेने केल्यावर आलं असतं. हे करणारा प्रोग्राम मी लिहिला होता, आणि उत्तर बरोबर आलं की मी अजूनही खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारत असे.

फक्त तो पळत नव्हता. कॉम्प्युटरच्या एका कोअरवर, म्हणजे त्याच्या एका मेंदूवर, जेवढा वेळ लागे, जवळपास तेवढाच सोळा कोअरवर. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, शुक्रवारी वेग दिसला नाही तर हे काम बंद आणि मी बंगळुरूच्या ऑफिसात दुसऱ्या कामावर. मला जायचं नव्हतं. हे काम माझं होतं आणि हे घरही माझं होतं. आईने मात्र मनाची तयारी केलेली दिसत होती. एरवी एका चौरंगावर मांडायची ती गौर तिने यंदा तीन पायऱ्यांच्या आराशीत बसवली. मी कारण विचारलं तर कलिंगडाचं कमळ कापता कापता म्हणाली, "पुढच्या वर्षी एवढा घाट घालायचा तरी कोणासाठी?"

चारपासून मी लॅपटॉपशी भांडत होते. साडेपाचला आईची हाक आली. जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या मराठी बायकांची गाडी इलाइट चौकातल्या गर्दीत अडकली होती, त्यामुळे त्या उशिरा आल्या, आणि आल्या त्या शेजारणींबरोबर सगळ्या एकदमच. आई एकेकीला बसवून कुंकू लावणार, मग अत्तर, मग पन्हं आणि आंब्याची डाळ, मग भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. पहिलीचं सगळं झाल्याशिवाय दुसरीकडे वळायची नाही.

मी मुळातच उतावळी, त्यातून वैतागलेली. "आई, हे असं नाही चालायचं," म्हणून मी ताबाच घेतला. दारापाशी माझी मावशी कुंकवाला, मी अत्तराला, ओटीला शेजारच्या भाभी. बाबा स्वयंपाकघरात पन्हं गाळत होते, त्यांनाच पन्ह्याबरोबर डाळही बायकांना द्यायला लावली. ज्या ठिकाणी जागा मोकळी, तिथे जी बाई रिकामी तिने जायचं. काय भराभर चाललं म्हणून सांगू! मला माझाच अभिमान वाटायला लागला.

आणि थोड्या वेळाने पाहते तर हॉल गच्च भरलेला. सगळ्यांच्या ओट्या भरून झालेल्या, पण बाहेर कोणीच पडत नव्हतं. भाभी माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांच्या बुंदेलीत म्हणाल्या, "बिन्नू, उतै तौ तुमने झट्टई निपटा दओ, अब इतै सब ठाँड़ी हैं।"

खरंच, तिकडचं मी झटपट उरकलं होतं आणि आता सगळ्या इकडे गौरीपुढे उभ्या होत्या. आमच्याकडची रीतच तशी. निघताना प्रत्येकीने स्वतःच्या हाताने गौरीला चिमूटभर हळदकुंकू वाहायचं, मगच उंबरठा ओलांडायचा. आणि गौरीपुढे करंडा एकच, पणजीपासूनचा चांदीचा.

"आई, दुसरा करंडा काढ ना."

"एका गौरीपुढे दोन करंडे? आपल्यात नाही हो तसं."

"मग हे संपायचं कधी?"

"घाई तुला आहे, गौरीला नाही."

मी चिडून तिकडे बघत राहिले. तीन हात एकदम करंड्याकडे गेले, एकमेकांना लागले आणि 'पहले आप' म्हणत तिन्ही मागे आले. मग पुन्हा गेले, पुन्हा मागे.

अरे, हे तर माझ्या प्रोग्राममध्येही होत होतं! प्रत्येक व्यवहार संपताना माझा प्रोग्राम चिमूटभर शुल्क एका खात्यात टाकत होता. सगळ्यांचं मिळून एकच खातं. सोळाच्या सोळा कोअर आपापलं काम झटपट उरकत होते आणि शेवटी त्या एका खात्यापाशी एकमेकांना धडकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. बहिणीचं, दूधवाल्याचं कितीही वेगळं ठेवलं तरी करंडा एकच! इतके दिवस मी मोठमोठ्या चुका शोधत होते आणि ही चिमूट मला दिसलीच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अत्तरदाणी भाभींच्या हातात कोंबून मी आत पळाले. प्रत्येक कोअरला शुल्क टाकायला स्वतःची वेगळी वाटी दिली आणि सगळं संपल्यावर त्या वाट्या एकत्र ओतल्या. बेरीज तीच, धक्काबुक्की नाही. अत्तराच्या बोटांनी प्रोग्राम चालवला आणि दहापट वेगाचे आकडे बघून मी एवढ्यांदा ओरडले की बाबा पन्ह्याची गाळणी घेऊन दारात आले.

सातला साहेब पडद्यावर आले. त्यांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "दुबारा चलाइए।" पुन्हा चालवलं. उत्तर तेच, आणि वेगही तोच.

"यह हुआ कैसे?"

"सर, सबका हाथ एक ही डिबिया में जा रहा था।"

ते मोठ्याने हसले. "अच्छा, फ़ीस वाला खाता। ठीक है, आगे का काम आप वहीं से कीजिए।"

मी बाहेर आले तेव्हा बायका गेल्या होत्या. आई एकटीच गौरीपुढे बसली होती, करंडा उघडा ठेवून.

"तुझंच वाहायचं राहिलंय," ती म्हणाली. काय झालं हे विचारायचा तिला धीर होत नव्हता.

मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग सांगितलं, "आई, मी कुठे जात नाहीये. काम इथूनच करायचंय."

तिने करंड्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पदराने डोळे पुसले. उठताना आराशीवरचा कलिंगडाचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मग पुढच्या चैत्रात दुसरा करंडा काढू."